सतरा महिन्यांचं वर्ष

शेवंता सिस्टरांचं वर्ष सतरा महिन्यांचं होतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा चूक माझी निघाली. आकड्यांत माझी चूक सहसा निघत नाही, त्यामुळे ती नीट लक्षात राहिली आहे.

एक्क्याण्णव साली माझी बदली खटाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. वडूजपासून अकरा किलोमीटर. बायकामुलं साताऱ्याला, मी सोमवारी पहिल्या एसटीनं जायचो, शनिवारी परतायचो. मी तिथला लेखनिक. हजेरी, औषधांच्या साठ्याची नोंदवही आणि साताऱ्याला पाठवायचे मासिक तक्ते एवढं माझ्याकडे. शेवंता सिस्टर तिथल्या फिरत्या नर्स. मूळच्या कवठे महांकाळकडच्या. तेव्हा पस्तिशीच्या असतील. अंगानं बारीक, चालणं सावकाश, डाव्या खांद्याला खाकी पिशवी, आणि उजव्या काखेत पुष्कळदा एक काचेची बाटली.

ती बाटली पेनिसिलीनची. आतल्या भुकटीत पाणी घालून हलवलं की खडूच्या पाण्यासारखं घट्ट औषध होतं. ते गार असताना टोचलं तर धट्टाकट्टा गडीसुद्धा आई आठवतो. म्हणून सिस्टर बाटली आधी काखेत धरायच्या आणि मोठ्यानं आकडे म्हणायच्या. एक ते एकवीस, मग पुन्हा एकपासून. असं सात वेळा. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, अडीच मिनिटं होतात. पालथं पडलेलं पोर पहिल्या फेरीला रडायचं, तिसऱ्या फेरीला ऐकायचं, आणि सहाव्या फेरीपर्यंत स्वतःच आकडे म्हणायला लागायचं. सातवी संपली की सुई आत.

रोगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. लहानपणी पोराचा घसा धरतो, कोणी लक्ष देत नाही. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजतात, घोटे सुजतात. ‘वाढीचं दुखणं हाय’ म्हणून घरचे तेल चोळतात. दुखणं जातं. जाताना हृदयाच्या झडपेला धक्का लावून जातं, आणि हे कळतं दहा-पंधरा वर्षांनी, जेव्हा तरणाताठा माणूस विहिरीच्या पायऱ्या चढताना मधेच बसतो. सिस्टर म्हणायच्या, “ह्यो रोग गुडघ्यात पावना म्हणून येतो आन् काळजात घर बांधतो.” घसा पुन्हा धरला की झडप आणखी बिघडते. तेवढं टाळायला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन, वर्षानुवर्षं. बिघडलेलं त्यानं सुधारत नाही. पुढचं फक्त थांबतं.

असे बावीस पेशंट सिस्टरांनी आमच्या हद्दीतून शोधून काढले होते. कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीत एखादं पोर लंगडताना दिसलं की त्या त्याच्या आईला गाठायच्या.

“काय झालंय ह्याला?”

“काय न्हाई बाई, वाढतंय पोरगं.”

“गुडघ्यातनंच वाढतंय व्हय? आन् कालच्याला दुसरा गुडघा वाढत हुता, त्यो थांबला वाटतं?”

मग घसा बघायच्या, नाडी धरायच्या, आणि पुढच्या एसटीनं माय-लेकरांना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या. साताऱ्याला का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सांगलीचं डाक्टर माझ्या वळखीचं हायत.” ती ओळख कुठली, हे मी विचारलं नाही.

आता माझी चूक. औषधांच्या मागणीचा छापील फॉर्म महिन्याचा असतो. बावीस पेशंट, महिन्याला एक बाटली, वर्षाला बारा. म्हणजे दोनशे चौसष्ट. सिस्टरांची मागणी त्याच्या कितीतरी पुढे जायची. मी त्यांना टेबलाशी बोलावलं.

“सिस्टर, वर्षाला महिने बारा असतात.”

“तुमचं आसतील.”

“म्हणजे?”

“आवं भाऊसाहेब, तुमचा महिना तीस दिसांचा. माझ्या पेशंटांचा एकवीस. तुमीच भागा की, हिशोबाचं मानूस तुमी.”

मी भागलं. तीनशे पासष्टला एकवीसनं भागलं की सतरा येतात आणि वर थोडं उरतं. बावीस सतरे तीनशे चौऱ्याहत्तर. तेवढ्या बाटल्या लागत होत्या आणि आम्ही वर्षाला एकशे दहा कमी मागत होतो. मी चूक कबूल केली. साताऱ्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं की फॉर्ममध्ये महिन्यांचे बारा रकाने असून त्यात बदल करण्याचे अधिकार कोणालाही नाहीत. मग आम्ही दोघांनी मिळून एक तोड काढली. फॉर्मवर पेशंट बावीसऐवजी तेहतीस लिहायचे. तेहतीस बारे तीनशे शहाण्णव. आकडा खोटा आणि औषध खरं. साताऱ्याहून कधी शंका आली नाही.

सिस्टरांचा स्वतःचा पंचांगाशी काही संबंध उरला नव्हता. एका फुलस्केप वहीत त्यांनी रेघा मारून प्रत्येक पानावर एकवीस घरं केली होती आणि घराघरात नावं. कोणी “बाई, आज तारीख काय?” विचारलं तर म्हणायच्या, “चौदावा.” गावात याचीही सवय झाली होती.

आमचे डॉक्टर या इंजेक्शनाला भ्यायचे. एखाद्याला पेनिसिलीन सोसत नाही आणि जागच्या जागी जातो, ते खरं आहे. सिस्टर आधी मनगटाजवळ थेंबभर टोचून अर्धा तास थांबायच्या, पिशवीत उताऱ्याचं औषध ठेवायच्या. तरी डॉक्टरांनी त्यांना लेखी दिलं होतं की काही विपरीत घडल्यास जबाबदारी संबंधित परिचारिकेची राहील. तो कागद सिस्टरांनी जपून ठेवला. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्या त्यात गुंडाळायच्या.

नंदाची गोष्ट इथं येते. नंदा यादीत सोळावी. पंधरा वर्षांची, वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले, घरी बागाईत तीन एकर. सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर ‘एकवीस दिवसांनी इंजेक्शन’ लिहून दिलं होतं. ते घरात ‘एकवीस इंजेक्शनं’ असं वाचलं गेलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे एकवीस मंगळवार करतात, एकवीस मोदक करतात. एकवीस म्हटलं की पुढं शेवट ठरलेला असतो. नंदाची आई भिंतीवर कुंकवाचं बोट उठवत गेली. एकवीस एकवीसे चारशे एक्केचाळीस. एक वर्ष आणि शहात्तर दिवसांनी एकविसाव्या बोटाचेही एकवीस दिवस भरले, आणि त्या घरानं इंजेक्शनाचं उद्यापन घातलं.

आम्हाला आमंत्रण होतं. डॉक्टर आले नाहीत, मी आणि सिस्टर गेलो. सव्वा वर्ष सिस्टर त्या घरात जात होत्या ते ओसरीपर्यंत. नंदा बाहेर यायची, ओसरीवर घोंगडं टाकायचे, इंजेक्शन तिथंच व्हायचं. त्या दिवशी मात्र आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी. सिस्टरांची खणा-नारळानं ओटी भरली. सवाष्ण नाही, जात वेगळी, हे सगळं त्या दिवसापुरतं कोणाला आठवलं नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. सिस्टर पोटभर जेवल्या. हात धुऊन आल्या, पिशवी उघडली आणि बाटलीत पाणी घातलं.

हवालदार म्हणाले, “आता कशाला बाई? कोर्स खतम झाला न्हवं.”

“आज बाविसावं.”

“आवं उद्यापन झालं की! आत्ताच जेवला न्हवं तुमी?”

“जेवले. लय चांगली झालती पोळी.” बाटली काखेत गेली. “पर ह्या वरताला उद्यापन नसतं.”

“मंग कवापतुर?”

“निदान पंचवीस वर्साची हुईस्तवर. मोडलं तर झडपंवर कोप.”

नंदाची आई ‘कोप’ हा शब्द ऐकून उठली आणि तिनं स्वतः घोंगडं आणलं. ओसरीवर नाही, तिथंच रांगोळीशेजारी अंथरलं.

परत येताना सिस्टर एकाएकी हसल्या. “आमच्या आन्नांनी छप्पन साली दीक्षा घेतली, भाऊसाहेब. घरातलं समदं देव, समदी वरतं, नदीत सोडली. मला साळंत घातलं ते ह्यासाठी की पोरीनं आसल्या थोतांडात पडू न्हाई. आन् मी हितं गावाला इंजेक्शनाचं वरत लावून आले.”

“मग सांगा त्यांना खरं.”

“सव्वा वरीस खरंच सांगत हुते की. झडप म्हंजे काय, चित्र काढून दावलं. त्यातलं एकवीसच तेवढं ऱ्हायलं.” थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, “बारा पावलं आत नेलं आज. मोजली मी.”

तेव्हापासून ‘ह्या वरताला उद्यापन न्हाई’ हे त्यांचं वाक्य झालं. नंदाला पुढं सोयरीक आली तेव्हा हवालदारांना आजार लपवायचा होता. सिस्टर ऐकेनात. स्वतः जाऊन सासूला सगळं सांगितलं: झडप अरुंद आहे, बाळंतपण सांगलीलाच करावं लागेल, दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना दाखवायचं, नाहीतर पोर जिवाला मुकेल. सासूनं झडपेकडं लक्ष दिलं नाही. पण एकवीस दिवसांचं व्रत, तेही उद्यापन नसलेलं, हे ऐकून तिचा ऊर भरून आला. असली सून मिळायला भाग्य लागतं म्हणाली. नंदाचा एकही दिवस पुढं चुकला नाही. सासू स्वतः घेऊन यायची आणि इंजेक्शन होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाही.

सगळ्यांचं असं निभावलं नाही. यादीत सातवा होता रामू सुतार, चाळिशीच्या आतला. सुरुवातीची वर्षं तो कधी यायचा, कधी नाही. एक दिवस रंधा मारताना त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अंगावरून वारं गेलं, असं गाव म्हणालं. सिस्टरांनी मला माझ्या टेबलावर बोटानं ताल धरून दाखवला: आधी सरळ, मग वेडावाकडा. “झडप अरुंद झाली की काळीज ताल सोडतंय. मंग रगात हिंडत न्हाई, साकळतंय. त्याची एक गुठळी सुटली आन् डोस्क्यात गेली की झालं.” रामूला पुढं एकच शब्द बोलता यायचा, आणि तो शिवी होता. चहा हवा असला तरी तोच, बायकोला हाक मारायची तरी तोच, सरपंच भेटायला आले तेव्हाही तोच. सिस्टर म्हणाल्या, “मानूस जे रोज म्हनतंय तेवढंच ऱ्हातंय बगा मागं. तुमी जरा जपून बोलत जावा.”

एकदा साताऱ्याच्या आढावा बैठकीला आम्ही दोघं गेलो. तक्त्यात हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोग, कुटुंब नियोजन असे सगळे रकाने होते. झडपेला रकाना नव्हता, म्हणून मी ‘इतर’ खाली बावीस लिहायचो. वरच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. “इतर बावीस? दुसऱ्या कुठल्याच केंद्राला इतर नाहीत. हे इतर म्हणजे कोण?”

मी उठायच्या आत सिस्टर उभ्या राहिल्या. “सायेब, ज्यास्नी रकाना न्हाई ते.”

साहेब चांगले होते, हसले. मग मला म्हणाले की असा आकडा वर गेला की प्रश्न येतात. शून्य करून पाठवा. मी केलं. त्या सालचा आमच्या केंद्राचा अहवाल स्वच्छ म्हणून वाचून दाखवण्यात आला.

पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये मी वर्षाचा साठा जुळवत होतो. यादीत नावं बावीस. पाहिजेत तीनशे चौऱ्याहत्तर. नोंदवहीत वापर तीनशे एक्क्याण्णव. सतरा जास्त. मागचं वर्ष काढलं. तिथंही सतराच. चोरी असती तर आकडा दर वर्षी वेगळा आला असता, कारण चोराला भागाकार ठाऊक नसतो. सतरा म्हणजे एक माणूस. यादीत नसलेला, आणि एकही दिवस न चुकवणारा.

मी सिस्टरांना विचारलं, “तेविसावा कोण?”

त्यांनी वही मिटली. “घावलं म्हना की. चार वर्सं लागली तुमास्नी. डाक्टरांना तर अजून न्हाई घावलं, रोज समोर असून.”

तेव्हा मला चढ आठवला. केंद्राकडून वरच्या आळीला जाणारा चढ फार मोठा नाही. सिस्टर तो चार ठिकाणी थांबून चढायच्या. पहिल्या थांब्याला कोणाच्या तरी म्हशीचं दूध विचारायच्या, दुसऱ्याला कोणाची लेक नांदायला गेली का ते, तिसऱ्याला मिरच्या वाळल्या का, चौथ्याला पुन्हा म्हैस. गावातल्या म्हशींची इतकी विचारपूस ढोरांच्या डॉक्टरनंही केली नसेल. बाई मायाळू, असं गाव म्हणायचं. मायाळू होत्याच, पण दर थांब्याला त्यांना श्वास पुरा करायचा असायचा.

त्या एकोणीस वर्षांच्या असताना सांगलीच्या डॉक्टरांनी झडप ओळखली होती. लग्न नको, बाळंतपण सोसायचं नाही, असं सांगितलं. ठरलेलं लग्न मोडलं. मग त्यांनी नर्सिंग केलं.

“पण नोकरीला लागताना तपासणी होते की.”

“झाली. डाक्टरांनी लुगड्यावरनंच नळी ठेवली आन् शिपायाला च्या सांगितला. सरकारी दाखल्यात माझं काळीज एकदम ठनठनीत हाय.” मग माझ्या नोंदवहीकडं बघून म्हणाल्या, “आता तुमी माझं नाव लिवलं तर त्यो दाखला खोटा, आन् मीबी खोटी. न्हाई लिवलं तर तुमी खोटं. कुनाला खोटं करायचं ते ठरवा.”

मी दिवसभर ठरवलं. नोंदवहीत एक रकाना ‘फुटून वाया’ असा असतो. त्यात सतरा लिहिले. तेहतीस पेशंटांची लबाडी आम्ही दोघांनी मिळून केली होती. ही माझी एकट्याची. पुढची दोन वर्षंही ‘फुटून वाया’ खाली सतरा-सतरा लिहिले. बाकी आमच्या केंद्रात एकही बाटली फुटली नव्हती. सिस्टर ज्या काळजीनं त्या हाताळायच्या ते पाहता फुटणं शक्यही नव्हतं.

सत्त्याण्णवमध्ये त्यांना धाप जास्त लागू लागली. चढावरचे थांबे चाराचे सात झाले. तीन घरांच्या म्हशी नव्यानं चौकशीत आल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की झडप आता फार अरुंद झाली, नाडीचा तालही बिघडलाय. पुण्याला जाऊन झडप उघडून घ्या, मांडीच्या शिरेतून फुगा घालून करतात, चिरफाडही नाही. पण लवकर. एकूण सहा आठवडे रजा.

मी म्हटलं, “उद्याच अर्ज करा.”

“सहा आठवडं म्हंजे बेचाळीस दिस. म्हंजे दोन फेऱ्या. बावीस दुनं चव्वेचाळीस इंजेक्शनं. ती कोन देनार? डाक्टर?”

“डॉक्टर देतील.”

“डाक्टर भित्यात. बदली बाई द्या, मी उद्या जाते.”

“सिस्टर, रामूचं काय झालं ते तुम्हीच मला टेबलावर वाजवून दाखवलंत.”

“म्हनून तर. अजून एकवीस रामू करू व्हय?”

मी बदली परिचारिकेसाठी लिहिलं. उत्तर आलं: पद रिक्त झाल्याशिवाय पर्यायी नेमणूक देता येत नाही. मग रजेचा अर्ज पुढं पाठवला. उत्तर आलं: पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय रजा मंजूर करता येत नाही. दोन्ही पत्रांवर सही एकच होती. मी दोन्ही एकत्र टाचून परत पाठवली, वर लाल शाईनं दोन ओळी लिहिल्या. माझ्या स्वभावाच्या मानानं त्या ओळी कडक होत्या. त्याचं उत्तर आलं नाही. मी स्वतः साताऱ्याला दोनदा जाऊन आलो. प्रकरण विचाराधीन आहे असं कळलं. त्या विचारात पाच महिने गेले. सिस्टरांचे त्यांच्या हिशेबानं सात.

ती सकाळ मंगळवारची. मी टेबलाशी हजेरी लिहीत होतो. शेजारच्या खोलीत यादीतली अकरावी बाई पालथी पडलेली आणि सिस्टर नेहमीसारख्या आकडे म्हणत होत्या. घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसे ते आकडे मला ऐकू यायचे नाहीत. त्या दिवशी ऐकू आले, कारण ते थांबले. तिसऱ्या फेरीत, चौदावर. आणि काच फुटल्याचा आवाज.

मी आत गेलो तेव्हा त्या खाली बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. डोळे माझ्याकडं नव्हते. फुटलेल्या बाटलीकडं होते. जीपमधून त्यांना साताऱ्याला नेलं, तिथून भाऊ येऊन सांगलीला घेऊन गेला. संध्याकाळी मी परत येऊन नोंदवही उघडली आणि त्या दिवसाची नोंद केली: फुटून वाया, एक. त्या रकान्यातली ती पहिली खरी नोंद.

पद रिक्त झालं. नवीन नर्स नवव्या दिवशी हजर झाली. इतक्या तत्परतेची मला आठवण नाही. पोरगी खंडाळ्याकडची, हुशार. तिला मी एकवीस घरांची वही दिली आणि समजावून सांगायला बसलो, पण गरज पडली नाही. नंदाची सासू तिसऱ्याच दिवशी तिला सांगून गेली, “बाई, ह्या वरताला उद्यापन न्हाई, ध्यानात ठेवा.”

चार महिन्यांनी माझं सांगलीला मेहुण्यांकडं जाणं झालं. तिथून कवठे महांकाळची एसटी धरली. दिवस मी हिशेब करून निवडला होता. यादीबरोबर सिस्टरांचा स्वतःचा दिवसही पाठ असल्यानं तेविसाव्याचा एकविसावा दिवस कधी पडतो ते मला माहीत होतं. पिशवीत एक बाटली होती, माझ्या पैशानं औषधाच्या दुकानातून घेतलेली. उगाच नोंदवहीत घोळ नको.

सिस्टर भावाच्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. केस कोणी तरी नीट विंचरलेले. उजवा हात अंगाशी चिकटलेला. भाऊ मोठ्यानं म्हणाला, “आक्का, सातारचं भाऊसाहेब आल्यात,” आणि मला हळू आवाजात, “वळखतीया समद्यांस्नी. पर बोलत न्हाई. आकडं तेवढं म्हनतीया.”

त्यांनी डावा हात माझ्यापुढं केला, तळवा वर. काय विचारताहेत ते मला कळलं. मी यादी म्हटली. पहिल्यापासून, नावानिशी, शेवटच्या इंजेक्शनाच्या तारखेसह. सोळावी नंदा, चौथा महिना, सांगलीला नाव घातलंय. बावीस झाली. तळवा तसाच होता. मी पिशवीतून बाटली काढली आणि म्हटलं, “आणि तेविसावं नाव आज.”

त्यांचं तोंड अर्धंच हसायचं आता. तेवढ्यात तिथली नर्स आली, भावानं बोलावून ठेवली होती. तिनं बाटलीत पाणी घातलं, हलवलं आणि लगेच सुई भरायला घेतली. सिस्टरांनी डावा हात पुढं करून बाटली तिच्या हातातून काढून घेतली. नर्स माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, “थांबा जरा.”

सिस्टरांनी बाटली उजव्या काखेत सरकवली. तो हात आता काही धरू शकत नव्हता. पण अंगाशी इतका घट्ट आवळून बसला होता की बाटली हलणं शक्य नव्हतं. मग त्यांनी सुरुवात केली. एक, दोन, तीन. आवाज जड होता, आकडे मात्र स्वच्छ. एकवीसला थांबल्या आणि पुन्हा एकपासून.

नर्स म्हणाली, “किती वेळ म्हणणार ह्या?”

मी बोटांवर मोजत होतो. सातव्यांदा एकवीस झाल्यावर त्यांनी बाटली काढून नर्सच्या हातात दिली आणि पालथ्या झाल्या.